एका शिंकेचं उत्तर

जैबुनखालांनी मला माणसांत आणलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण "आधी सलाम, मग कलाम" हे त्या रोज बावीस पोरांकडून घोकून घेत. कलाम म्हणजे बोलणं, आणि खाला म्हणजे मावशी. सलाम न करता कुणी बोलायला लागलं की खाला कानावर हात ठेवायच्या. "काय गो? ओठ हलतात, पण आवाज येत नाही!" मग पोर धावत दारापर्यंत जाऊन, नव्याने आत येऊन सलाम करायचं आणि तोवर काय सांगायचं होतं ते विसरायचं. तर आधी त्यांचं नाव, हा माझा सलाम. आता झालं काय ते सांगते.

मी औसा तालुक्यातली. सातवीच्या सहामाहीनंतर शाळा सुटली. आई आजारी, धाकटी तिघं, दुसरं कोण बघणार? लग्न होऊन वसईजवळ उमेळ्याला आले ते नव्वदीच्या शेवटी. तेव्हा इथे अर्ध्या केळीच्या वाड्या होत्या आणि अर्ध्या नव्या बिल्डिंगा. मी दोन्हींना घाबरायचे. नवरा गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात कामाला. सकाळी निघताना बजावायचा, "अनोळखी माणसाला दार उघडू नको." आणि मला तर अख्ख्या वसईत एकही माणूस ओळखीचं नव्हतं. म्हणजे दार कायमचंच बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. हळू, मोजून. "अस्सलामु अलैकुम. आत येऊ का?" मी लाटणं हातात घेऊन दारामागे श्वास धरून उभी. थोडं थांबून पुन्हा टकटक, पुन्हा सलाम. मग तिसऱ्यांदा. मग चपला जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दार उघडलं तर समोर कुणीच नाही! पुढे वाकून पाहिलं, तर दाराच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून एक ठेंगणी बाई उभी. जाड भिंगाचा चष्मा, हातात झाकलेली ताटली.

"अशा भिंतीकडे का बघताय?" मला दुसरं काही सुचेना.

"दुसऱ्याच्या दारात सरळ समोर उभं राहू नये. दार उघडताना घरातलं काय दिसेल, सांगता येतं?" मग वळून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "आता दिसलंच तर विचारते. चपात्या चालल्यात की मारामारी?"

लग्नानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा. विचारलं, "खाला, पाच दिवस कशाला आलात?"

"तीनदा विचारायचं, नाही उघडलं तर तोंड वाकडं न करता परत जायचं, असा हुकूम आहे. पण दुसऱ्या दिवशी परत यायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

ताटलीत तांदळाची वाफवलेली सांदणं होती. खाला मूळच्या महाडकडच्या, त्यामुळे बोलण्यात "अगो" आणि खाण्यात नारळ. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. बाजारातून आल्या की स्वतःच्याच कुलूप लावलेल्या दारावर टकटक करायच्या, बाजूला उभ्या राहायच्या, सलाम करायच्या, आणि मग पदराची किल्ली काढायच्या. वरच्या मजल्यावरची पोरं गॅलरीतून ओरडायची, "खाला, आत कोणंय?"

"कोणी नाही म्हणून बेअदबी करू?"

रोज संध्याकाळी चार ते साडेपाच त्यांच्या पुढच्या खोलीत चार ते सात वर्षांची बावीस पोरं जमायची. अरबी अक्षरं नाहीत, परीक्षा नाही. "अलिफ-बे मौलवीसाहेब शिकवतील. माझ्याकडे नुसतं माणूस व्हायचं." पाणी बसून प्यायचं, तीन घोटांत. उजव्या हाताने खायचं, आपल्या समोरचं खायचं. मांजराला लाथ मारायची नाही. चुगली केली तर जिची केली तिलाच जाऊन सांगायचं. बेताने जेवण्याचा धडा तर त्यांनी अगदी वसईच्या भाषेत बसवला होता. "पोटात तीन खोल्या. एक अन्नाची, एक पाण्याची, एक हवेची. हवेच्या खोलीत भाडेकरू ठेवाल तर मालकाचा जीव जाईल!" ईदला एक पोरगा चौथ्यांदा बिर्याणी घेताना म्हणाला होता, "खाला, माझ्याकडे गच्चीपण आहे."

मलाही त्यांनी शेवटच्या रांगेत बसवलं. मी म्हटलं, "मी एवढी मोठी, पोरांत?" तर म्हणाल्या, "तुझी सातवी अर्धी राहिलीय ना? मग तू अजून शाळेतच आहेस." मी तोंड फिरवून डोळे पुसले. कुणीतरी मला शाळेतून काढलेली न म्हणता शाळेतली म्हटलं होतं.

टकटकीचा सराव व्हायचा तो कुंपणापलीकडच्या रोझीबायच्या घरावर. रोझीबाय इथली जुनी ख्रिश्चन, वाडीतली केळी, दारात मोठं अंगण. ती सारखी मागे वाडीत आणि पंपाच्या आवाजात. पोरं पुढच्या दारावर तीनदा टकटक करून, तोंड वाकडं न करता, शिस्तीत परत यायची. चार दिवसांनी रोझीबाय कमरेला पदर खोचून आली. "काय जैबुन, हेच शिकवते काय तू? तुझी कार्टी दार वाजवतात नि पळतात! चार दिस बघते मी!"

खाला हसता हसता खालीच बसल्या. सगळं समजल्यावर रोझीबाय म्हणाली, "असं व्हय? मग मी दारातच बसते." दुसऱ्या दिवशी ती खरंच खुर्ची टाकून उघड्या दारात बसली. पोरांपुढे मोठाच पेच: माणूस दिसतंय, दार उघडंय, आता टकटक कशावर करायची? शेवटी एकाने तिच्या खुर्चीवर टकटक केली. तिने वेलची केळी वाटली, आणि उभ्याने खायचं नाही म्हणून बावीस पोरं तिच्या नुकत्याच सारवलेल्या ओल्या अंगणात बसली.

दोन वर्षांत मी शेवटच्या रांगेतून पुढे आले. खालांचे डोळे मात्र मागे मागे चालले होते. ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. त्यांची मुलगी महाडला बोलवत होती. खाला म्हणाल्या, "वर्ग तू घे, तुझ्या घरात." पण जमातीने, म्हणजे मशिदीच्या मंडळाने, होकार दिला तरच आईबाप पोरं पाठवणार, नाहीतर वर्ग बंद. आणि जमातीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे सदरसाहेब म्हणत, त्यांनी आधीच विचारलं होतं, "ही मुलगी शिकलीय किती?" ते स्वतः येऊन वर्ग बघणार होते. मला तो वर्ग हवा होता, इतका की आठवडाभर घास उतरत नव्हता. नवरा म्हणाला, "हवेची खोली रिकामी ठेव म्हटलं होतं. तू तर तिन्ही रिकाम्या केल्यास."

ते आले ते मे महिन्यात. पांढरा सफारी, अत्तर, हातात वही. खाला कोपऱ्यात बसल्या, मी पुढे. सदरसाहेबांनी एकाला उभं केलं. "पाणी कसं प्यावं?" त्याने धडाधड सांगितलं. मला जरा धीर आला. तेवढ्यात खिडकीतून एक झुळूक आली, आणि झुळकेबरोबर रोझीबायच्या अंगणातल्या मिरच्या. वर्षाच्या मसाल्यासाठी ती टोपलीभर मिरच्या भाजत होती.

पहिली शिंक इम्रानची. शिकवल्याप्रमाणे तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह!" शिंकणाऱ्याने अल्लाहचे आभार मानले की ऐकणाऱ्यांनी दुआ द्यायची, म्हणून एकवीस गळे, "यरहमुकल्लाह!" त्यावर पुन्हा शिंकणाऱ्याने उत्तर द्यायचं, "यहदीकुमुल्लाह!" सदरसाहेबांनी मान डोलावली. तोवर रुबीना शिंकली. मग जुळे शिंकले, एकदम. मग अख्खी खोली. कुणाचे आभार, कुणाची दुआ, कुणाचं उत्तर, काही कळेना! एक पोरगा शिंकता शिंकताच दुसऱ्याला दुआ देत होता. एक रडवेली होऊन विचारत होती, "बाई, माझ्या दोन झाल्या आणि उत्तर एकच आलं!" मला आठवलं, तीन शिंकांनंतर उत्तर दिलं नाही तरी चालतं. मी ओरडले, "तीन झाल्या त्यांनी हात वर करा!" आणि बावीसच्या बावीस हात वर. खाला कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून गदगदत होत्या. कुंपणापलीकडून रोझीबाय, "माफ करा हां! देव बरं करो सगळ्यांचं!"

"खामोश!" सदरसाहेब उठले, आणि शिंकले. बिल्डिंग हलेल अशी शिंक. वही खाली पडली.

बावीस पोरं मिरचीने लाल झालेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत थांबली. ते रुमाल शोधत होते. पाच वर्षांची रुबीना पुढे गेली आणि त्यांचा सफारी ओढून हळूच म्हणाली, "चाचा, बोला ना. तुम्ही अल्हम्दुलिल्लाह बोलल्याशिवाय आम्हाला दुआ देता येत नाही."

सदरसाहेबांनी रुमाल शोधायचा सोडून तिच्याकडे पाहिलं. मग ते पुटपुटले, "अल्हम्दुलिल्लाह." आणि बावीस दुआ एकदम त्यांच्या अंगावर आदळल्या. आता त्यांनी उत्तर द्यायचं होतं. ते थांबले. पुढचं आठवेना! पोरं ताटकळली. वर्गात कुणी अडकलं की मी जवळ जाऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं सुरुवातीचं अक्षर सांगायचे. विचार न करता मी तेच केलं. वाकून त्यांची वही उचलली, देताना खालच्या आवाजात म्हटलं, "यह..."

"यहदीकुमुल्लाह!" सदरसाहेब मोठ्याने म्हणाले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी डोळे पुसले, मिरचीने असतील. "खाला, हा शिंकेचा धडा कुणी घेतला?"

"मी नाही हो. त्या सातवीवालीने."

ते वही न उघडताच दाराकडे गेले. जाताना मला म्हणाले, "मला चारचौघांत तोंडघशी पडू दिलं नाहीस. पोरांनाही असंच सांभाळ." मग पुन्हा शिंकले, आणि या वेळी स्वतःहून बोलले.

जूनच्या आधी खाला निघाल्या. पोरांचा निरोप आदल्या दिवशीच झाला होता. रिक्षाजवळ फक्त मी, आणि केळ्यांचा घड घेऊन रोझीबाय. रिक्षा सुरू झाली, धूळ उडाली, खाला शिंकल्या. "अल्हम्दुलिल्लाह!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तराच्या जागी हुंदकाच बाहेर पडला. वळणावर रिक्षातून डोकं बाहेर आलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "अगो, उत्तर राहिलं! उधार!"

फोनवर मी किती वेळा द्यायला पाहिलं. त्या ऐकतच नाहीत. "फोनवर नको. दारात येऊन दे." घरात वर्ग, पदरात दोन पोरं, महाड राहूनच गेलं. आता त्यांना ऐकूही कमी येतं म्हणतात.

पण खाला, मी येणार आहे. एक दिवस नक्की. तुमच्या दाराच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभी राहीन, टकटक करीन, तीनदा. आणि दार नाही उघडलं, तर तोंड वाकडं न करता परत जाईन. दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन.