गाडी असताना डोली कशाला

सतरा वर्षं फौजेत गाडी हाकली, पण दुश्मनाची एक गोळी मला शिवली नाय. शिवणार कशी, दुश्मन डोंगराच्या पल्याड आन् मी अल्याड, गाडीत कांदे-बटाटे भरून.

मी काशिनाथ गावित, नाईक, रिटायर. गाव मोखाडा तालुक्यात. दहावी कशी सुटली ते मास्तरांना बी ठाऊक नाय. फौजेने मला ड्रायव्हर केला. ट्रेनिंग सेंटरला पहिल्याच दिवशी मी गाडी मेसच्या भिंतीला लावली. भिंत वाचली, माझी सुट्टी गेली. लोकं मला विचारतात, फौजेत काय केलं? मी सांगतो, रसद पोचवली. माझ्यामुळं कोणी मेला नाय आन् कोणी उपाशी पण राहिला नाय. एवढंच माझं मेडल.

युनिटला गेलो तवा मला देवराम दोडेच्या गाडीवर टाकला. देवराम सूर्यमाळच्या अंगाचा, आमच्याच तालुक्यातला. एका तालुक्यातली दोन माणसं, भेटली कुठं तर बर्फात. तो माझ्याहून सीनियर, पुढं हवालदार झाला. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला काशा म्हणायचा, आन् रागात असला की नाईक गावित.

कॉन्व्हॉयचं काम म्हणजे रोज तेच. उजाडायच्या आत उठायचं, पाणी, तेल, हवा बघायची, लायनीत गाडी लावायची. चढावर गाडी थांबली की एकाने खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक ओढलेला असला तरी लावायचा. उस्ताद म्हणायचा, ब्रेक कारखान्यात बनतो, दगड देवाने बनवलाय, कोणावर भरवसा ठेवायचा ते तूच बघ.

त्याचा हुकूम एकदाच यायचा. एकदा मी विचारलं, का? तर गाडीभोवती मला इतका पळवला की सुभेदार साब बघायला आले, हा माणूस कशाचा सराव करतोय म्हणून. त्याच्यानंतर मी का हा शब्द फौजेत कधी काढला नाय. घरी बायकोपुढं तर आधीपासूनच काढत नव्हतो.

पेन्शनीत आलो. उस्ताद पाड्यावर भात-नाचणी करायला लागला. मी एक जुनी जीप घेतली, जव्हारला शिरपामाळ बघायला येतात त्या लोकांना फिरवायला लागलो. त्यातच केदार भेटला. ठाण्याचा पोरगा, कंप्युटरच्या कामात, माणूस साधा. त्याचा ग्रुप होता, सगळ्यांकडं फोर बाय फोर गाड्या. सुट्टीला डोंगर शोधायचा आन् त्यात गाडी घालायची. मी त्याला म्हणलो, आमाला याचा पगार मिळायचा, तुमी स्वतःच्या खिशातून करता. तो हसला. मला म्हणाला, काका, तुमी आमचे ट्रेल लीडर.

ट्रेल लीडर म्हणल्यावर मी फुगलो. त्यांनी टी-शर्ट दिला, तो पोटावर चढेना. तरी मी घातला. शेवटच्या गाडीबरोबर भरवशाचा माणूस पाहिजे म्हणून मी उस्तादला बोलावला. त्याने टी-शर्ट घेतला नाय. म्हणाला, वर्दी एकदा उतरवली ती उतरवली.

श्रावणातला रविवार होता. सात गाड्या. खालच्या डांबरी रस्त्यावरून वर सूर्यमाळच्या बाजूला एक कच्ची वाट जाते, डोंगराला वळसा घालून उस्तादच्या पाड्यापाशी निघते. पाड्याची माणसं त्या वाटेने जात नायत. त्यांची पाऊलवाट वेगळी, ओहोळाच्या कडेने सरळ खाली उतरते. गाडीच्या वाटेला माणूस नाय, म्हणून केदारला ती आवडली.

सकाळचा भाग चांगला गेला. माझी जीप पुढं, मागं सात गाड्या, सगळ्यात मागं उस्ताद पायी, हातात वॉकीटॉकी. वॉकीटॉकीवर मी लीड, तो टेल, म्हणजे शेपूट. मी वॉकीटॉकीवर फौजेतले किस्से सांगत होतो. लोकं हसत होती. उस्तादने एकदाच बटण दाबलं. म्हणाला, लीड, रेडिओ कामाला ठेव. ओव्हर. मी गप झालो, दोन वळणं.

पाड्याच्या थोडं अलीकडं खडकाची एक पायरी लागते. सहा गाड्या चढल्या. मी वर सगळ्यांना उतरवून उभा होतो, एकदा मी कर्नलसाबांच्या गाडीत चिखलाचे बूट घेऊन कसा बसलो ते हातवारे करून सांगत होतो. सातवी गाडी पायरीवर अडकली. चालवणारी बाई बँकेत कामाला होती, हात तिचा चांगला होता, तिची काही चूक नाय. गाडी थांबली, तिने ब्रेक दाबला. उस्तादने सवयीने दगड उचलला आन् मागच्या चाकाला लावला. तेवढ्यात चाकाखालची खडकाची कड तुटली. गाडी आडवी सरकली.

वॉकीटॉकीवर आवाज आला. "काशा. टेल. गाडी घसरली. मी खाली हाय."

"खाली म्हणजे कुठं, उस्ताद? ओव्हर."

"चाकाखाली."

मी पळालो. पळताना घसरलो आन् निम्मी उतरण बसूनच उतरलो, टी-शर्ट मागून फाटला. कोणी हसलं नाय. गाडीचं चाक आन् बाजूचा खडक, मध्ये उस्तादची मांडी. बाई स्टेअरिंग धरून बसली होती, ब्रेकवरचा पाय उचलायला भीत होती. केदारने जॅक लावला, आमी सगळ्यांनी गाडी उचलून धरली, उस्तादला ओढून काढला.

रक्त फार नव्हतं. त्यानेच आमाला फसवलं. कातडी खरचटलेली, हाड मोडलं ते दिसत होतं, पण मला वाटलं, पाय मोडलाय, प्लास्टर घालतील, दोन महिने बसेल, मी जाऊन चिडवीन. मांडी फुगत चालली होती ते मी बघितलं. रक्त आतल्या आत जातंय हे मला कळलं नाय. फौजेत फर्स्ट एडचा क्लास असायचा. त्या तासाला मी मागच्या लायनीत झोपायचो.

केदारने फोनला रेंज शोधली, अँबुलन्सला सांगितलं. ती खाली डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. वर येणं तिला जमणार नव्हतं.

पाडा जवळच. आरडाओरड ऐकून यमुना वहिनी आली, उस्तादची बायको. गुडघ्यापर्यंत चिखल, ती निंदणीतून उठून आली होती. तिच्यामागं चार माणसं, खांद्यावर बांबू, बांबूला जाड चादर बांधलेली. आमच्याकडं पावसाळ्यात आजारी माणूस असाच खाली जातो. बाळंतीण असो, म्हातारा असो, चादरीत घालायचा आन् ओहोळाच्या वाटेने पळायचं. ती माणसं वर्षातून किती वेळा पळतात ते सरकारला विचारा.

वहिनीने नवऱ्याचा पाय बघितला. रडली नाय. मला म्हणाली, "भावजी, डोलीत घाला. ओहोळाच्या वाटेने लवकर जाऊ."

मी वाकलो पण. एक हात त्याच्या पाठीखाली घातला. तवा उस्ताद बोलला. तोंड पांढरं पडलेलं, आवाज मात्र परेडचा.

"नाईक गावित. गाडी लाव."

मी म्हणलो, उस्ताद, वहिनी म्हणते...

"ड्रायव्हर माणूस मी. इथं सात गाड्या उभ्या हायत आन् मला चादरीत घालतो? गाडी असताना डोली कशाला. गाडी लाव."

मी म्हणलो, "जी उस्ताद."

आन् वहिनीकडं बघून हसलो पण. म्हणलो, वहिनी, केदारच्या गाडीत एसी हाय, उस्ताद थंड हवा खात जाईल. ती गाडीत चढली आन् त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

केदारची गाडी सगळ्यात मोठी, ती घेतली; अडकलेली गाडी सगळ्यांनी ढकलून कडेला लावली आन् ही पायरीखाली आणली. मी हाकायला, केदार बाजूला. मागची सीट पाडून उस्तादला आडवा केला. चार माणसं बांबू घेऊन तिथंच उभी होती. मी आरशात बघितलं, तर ती आमच्या मागं मागं चालायला लागली होती. मला राग आला. म्हणलो, यांना माझ्या हाकण्यावर भरवसा नाय.

पहिली दोन वळणं बरी गेली. मंग आला तो चिखलाचा पट्टा, जिथून सकाळी आमी सात गाड्या आन् माझी जीप चढवली होती. चढताना काय मजा वाटली होती. आठ गाड्यांची बत्तीस चाकं एकाच चिखलातून गेली, तिथं आता वाट नव्हती, दोन खोल नाल्या होत्या, त्यात पाणी. मी कडेला चाक ठेवून काढायला बघितलं. कड सुटली. गाडी पोटावर बसली. चारी चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती.

केदार उतरला, गाडीच्या पुढं अडकलेली गाडी ओढायचं विंच होतं त्याची वायर काढली, पुढं ऐनाचं एक झाड होतं त्याला बांधली. विंच ओढायला लागलं. गाडी आली नाय. झाड आलं. मुळासकट, हळूहळू, वाकत आडवं झालं. दुसरं झाड लांब, वायर पोचेना. मागच्या गाड्यांना बोलवावं, तर त्या उतरल्या असत्या तरी आमच्याच मागं येऊन अडकल्या असत्या. मी फावडं घेऊन चाकाखालचा चिखल काढायला लागलो. काढायचो तेवढं पाणी भरायचं. मी खोदत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाय, मी घड्याळाकडं बघायला भीत होतो.

वहिनीने आतून काच वाजवली. म्हणाली, "यांचे हात गार पडले."

ती चार माणसं येऊन पोचली होती. एकाने गाडीचा मागचा दरवाजा उघडला, दुसऱ्याने चादर पसरली. उस्ताद आता हुकूम देत नव्हता. आमी त्याला चादरीत घातला. ओहोळाची वाट आता मागं राहिली होती, ती गाठायला पहिल्यांदा परत वर चढावं लागलं, मंग खाली. त्यांच्यातला एक दमला, तवा पुढचा बांबू मी खांद्यावर घेतला. उंची जुळेना, मी बुटका, त्यामुळं डोली माझ्या बाजूला कलायची. मागचा माणूस म्हणाला, दादा, टाचा उचलून चाल. मी टाचा उचलून चाललो.

ओहोळापाशी उस्ताद शुद्धीवर आला. वर बघत होता.

"गाडी कोण हाकतोय?"

"मी हाय, उस्ताद."

"क्लचवरचा पाय काढ."

ही माझी जुनी खोड. गाडी हाकताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचो, क्लचप्लेट जळायची, त्याच्या शिव्या खायचो. मी म्हणलो, काढला, उस्ताद. तो म्हणाला, हां. नंतर तो बोलला नाय.

डांबरी रस्ता दिसला. अँबुलन्स उभी होती, दार उघडं. आतली माणसं धावत आली. एकाने मनगट धरलं, गळ्याला बोटं लावली, डोळ्यात बॅटरी मारली. मंग त्याने वहिनीकडं बघितलं आन् बॅटरी बंद केली. तरी पण जव्हारला नेला. कागद तिकडंच होतात.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर तालुक्यातले आमी सहा-सात पेन्शनर फौजी जमलो. कोणाची टोपी होती, कोणाची नव्हती. एक लाईन केली. बिगुल नव्हता, म्हणून मी मोबाईलवर बिगुल लावला आन् मोबाईल दगडावर ठेवला. निम्म्यात जाहिरात लागली, केसांच्या तेलाची. मला ती बंद करता येईना. आमी तशीच सलामी धरून उभे राहिलो, जाहिरात संपली, बिगुल परत सुरू झाला, तवा हात खाली केले.

केदार दर महिन्याला येतो. त्याने ग्रुप सोडला. बँकेतली बाई एकदा आली, वहिनीजवळ बसून गेली, दोघी काय बोलल्या ठाऊक नाय. ती वाट पुढं पाड्याच्या लोकांनी दगड टाकून बंद केली. कोणी मला विचारलं नाय, मी पण एक दिवस जाऊन दगड टाकून आलो.

झेंड्याच्या दिवशी आश्रमशाळेत मला बोलायला लावतात, फौजेचे अनुभव. आधी मी कांदे-बटाटे सांगायचो, पोरं हसायची. आता देवराम दोडेचं नाव घेतो. हवालदार, चोवीस वर्षं सर्व्हिस, एक पण गाडी दरीत घातली नाय. पोरं उभी राहतात. मी सांगतो की तो पडला, तवा शेवटपर्यंत हुकूम देत होता आन् मी नाईक, माझ्याने तो मोडवला नाय. फौजी माणूस असा असतो, असं पण म्हणतो.

या वर्षी वहिनी मागं बायकांत बसली होती. मला माहीत नव्हतं. कार्यक्रम झाल्यावर मी चहाचा कप घेऊन तिच्यापाशी गेलो. म्हणलो, वहिनी, ऐकलं का, उस्तादचं नाव मी राखतोय.

ती म्हणाली, "भावजी, हवालदार तो तिकडं होता. इथं तो मांडी फुटलेला माणूस होता. डोली घेऊन मी उभी होते, आन् तुमी हुकूम त्याचा ऐकला."