लिफ्ट मुद्दाम बंद होती

आबिड्स भागातल्या एका हॉटेलात भाचीची तेल कंपनीसाठी मुलाखत होती. मी खाली सोफ्यावर बसलो होतो. शेजारचा पिकल्या मिशांचा गृहस्थ चहा गार होऊ देऊन जिना उतरणाऱ्या प्रत्येक पोराचे हात बघत होता. चेहरा नाही, हात! मला राहवेना, विचारलंच.

"लिफ्ट मैंच बंद कराया," तो म्हणाला. "ऊपर वाले डिग्री देखते, मैं हाथ देखतूँ."

त्याचा जन्म तेलविहिरींवर गेलेला. तिथले जिने तेलानं निसरडे, कठडा सोडला की माणूस गेला. नव्या पोरांना शिकवायचं काम आता त्याचंच.

मोबाइल बघत उतरणाऱ्याला तो शांतपणे म्हणे, "वापस ऊपर जाओ. रेलिंग पकड के उतरो." पोरं निमूट जात, निमूट उतरत.

भाची दोन-दोन पायऱ्या उड्या मारत आली. तिलाही तेच फर्मान. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कायकू?"

मी कपाळाला हात लावला. गेली नोकरी!

एवढ्या पोरांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तो पहिल्यांदाच हसला आणि सोफ्यावर सरकून तिला जागा करून दिली. "बैठो बेटी, बतातूँ."