माझी कंबर आणि सुलभाचा पाय

माझी कंबर दुखत नाही. गेल्या बारा वर्षांत एकदाही दुखलेली नाही. काल्हेरच्या आमच्या इमारतीत ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी सगळे पुरुष मिळून गच्चीवर पाण्याची टाकी चढवत होते. मलाही हाक आली आणि तोंडून निघून गेलं, "मणक्यात गॅप आहे हो." (गॅप म्हणजे काय, ते मी नंतर विचारून घेतलं.) तेव्हापासून मी 'कंबरवाले काका'. गणपतीच्या मंडपात पहिली खुर्ची मला मिळते, पण त्या खुर्चीपाशी गप्पा मारायला कोणी थांबत नाही. सगळे काम करत असतात. घरात बादल्या, गाद्या, सिलिंडर, सगळं माझी बायको सुलभा उचलायची.

मागच्या महिन्यात सिलिंडर तिच्या पायावर पडला. पाय टम्म सुजला आणि नेमकी लिफ्ट बंद. मी तिला उचलायला वाकलो, तोच दुसऱ्या मजल्यावरचे रफिकभाई धावत आले. "काका, हटा बाजूला. भाभी एक पडल्या तेवढं बस हाय."

शेजारचे पाटील दोन भावांना घेऊन आले. चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मी एक पाय धरायला गेलो (खुर्चीचा), तर पाटलांनी माझा हात सोडवला. "चार मजलं हायेत काका. तुम्हाला न्हाय जमायचं."

मला काही झालेलं नाही, असं मी तीनदा सांगितलं. त्याने माझ्या सोशिकपणाबद्दलचा आदर तेवढा वाढला. सुलभाला रिक्षात बसवून ते परत वर आले आणि दुसऱ्या खुर्चीतून मलाही खाली घेऊन गेले! रिक्षापाशी पोचल्यावर पाटलांना कशेळीपर्यंतच्या रस्त्यातले खड्डे आठवले. या कमरेने ठाण्याच्या हॉस्पिटलात जायचंच नाही, असं सर्वानुमते ठरलं. रफिकभाई तिच्याशेजारी बसले, बाकीचे मोटारसायकलींवरून मागे. मी फाटकात खुर्चीवर एकटा.

दोन तासांनी सुलभाचा फोन आला. हाड मोडलंय, प्लॅस्टर घालतायत, सगळे सोबत आहेत.

आता खरं सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. "सुलभा, ऐक. माझी कंबर..."

"दुखतेय ना? मला वाटलंच. एकटेच बसलात का हो तिथे?"

दिवसभरात एवढ्या मायेने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

"जरा जास्तच दुखतेय," मी म्हणालो, आणि व्यवस्थित कण्हलो.