सातवं नाव

"हात आधी पाण्याचा होऊ दे, बाय. मग मासळी धर."

असं काका म्हणायचे. टाकीतला मासा धरायच्या आधी ते कोपरापर्यंत हात पाण्यात सोडून नुसते उभे राहायचे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, की या माणसाला कामाचा कंटाळा आहे. मला तसंच वाटलं होतं. मी नवी होते, एम.एस्सी. ताजी होती आणि हातात घड्याळ होतं.

आमचं केंद्र रेवदंड्याच्या खाडीकाठी होतं. मत्स्यसंशोधनाचं, म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, सिमेंटच्या टाक्या आणि एक छोटी प्रयोगशाळा. मी तिथे संशोधन सहायक, कराराची. ते टाक्यांवरचे कामगार, तेही कराराचे. वय पन्नाशीच्या पुढे. वडिलांच्या होडीवर वाढलेले, सातवीपर्यंत शिकलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले.

आमचा प्रयोग बोय माशाच्या पिल्लांवर होता. खारजमिनीतल्या तळ्यांत हा मासा छान वाढतो, पण कोंडून ठेवला की अंडी देत नाही. त्यामुळे पिल्लं खाडीतूनच पकडून आणावी लागतात आणि ती दर वर्षी कमी सापडतात. कोंडलेल्या माशाचं नेमकं कुठे अडतं, आणि ते वयात येण्याआधीच अडायला लागतं का, हे आम्हाला शोधायचं होतं.

एकदा काकांनी विचारलं, "ह्या कोवळ्या पिलांना सुया टोचून काय मिळतं तुमाला?"

मी टाकीच्या कठड्यावर बसून सांगितलं. माशाच्या मेंदूखाली एक बारीकशी ग्रंथी असते. वयात यायचं, अंडी धरायची, याचं संप्रेरक ती रक्तात सोडते. तिला मेंदूकडून दोन हुकूम येतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो थांब. थांब म्हणणाऱ्या रसायनाचं नाव डोपामिन.

"म्हंजे ब्रेक."

"हो, ब्रेकच."

"मंग ब्रेक काढला की झालं."

"पिल्लांत तेवढ्यानं होत नाही ना, काका. त्यांच्या ग्रंथीत सोडायला साठाच नसतो. अंगात लिंग संप्रेरक वाढलं की साठा भरतो. पण साठा भरला तरी ब्रेक असतोच. दोन्ही करावं लागत असणार, असा आमचा अंदाज आहे."

त्यांनी पाण्यावरचा कचरा ओंजळीनं काढून टाकला. मग म्हणाले, "गाडीत पेट्रोल बी पायजे आन् ब्रेक बी सुटाय पायजे. येवडंच ना? मंग येवडी पुस्तकं कशाला?"

चार टाक्या मांडल्या. पहिलीतल्या पिल्लांना काहीच नाही. दुसरीत फक्त लिंग संप्रेरक, तिसरीत फक्त डोपामिन अडवणारं औषध, चौथीत दोन्ही. ठरावीक दिवशी लवंगतेल घातलेल्या पाण्यात पिल्लांना गुंगी आणायची, शेपटीजवळून थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यात ग्रंथीचं संप्रेरक किती आलं ते मोजायचं.

आकड्यांचा नुसता गोंधळ होता. चौथ्या टाकीतलं एक पिल्लू भरभरून संप्रेरक सोडायचं, त्याच टाकीतलं दुसरं पहिल्या टाकीतल्यासारखं कोरडं. सहा महिने गेले. साहेब, म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, माझ्या हातांना दोष देऊ लागले. मी मुरुडच्या एका शाळेत नोकरीचा अर्जसुद्धा करून ठेवला.

काका रक्त घेताना कुरकुरायचे. "ह्ये भेदरलंय. ह्याचं रगत घिऊ नको." मी ऐकायची नाही. शेवटी एके सकाळी त्यांनी मला हाताला धरून शेडच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथे कोळशाच्या रेघाच रेघा होत्या. कोणत्या दिवशी, कोणत्या टाकीत, कितव्यांदा जाळं टाकल्यावर कोणतं पिल्लू हाती आलं, हे त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. सांगितलं कुणीच नव्हतं.

"पैल्या जाळ्यातली बघ आन् पाचव्या जाळ्यातली बघ."

मी वही आणली आणि रेघांशी आकडे ताडून बघितले. दुपारपर्यंत सगळं जुळलं. पहिल्या जाळ्यातली पिल्लं अगदी आमच्या अंदाजाप्रमाणे वागत होती. पाचव्या जाळ्यातल्यांनी भीतीनं सगळं आवळून धरलेलं होतं. दोष औषधात नव्हता, आमच्या पाठलागात होता.

मग काकांनी पद्धत घालून दिली. टाकीवर आदल्या दिवशीपासून ओलं गोणपाट. एका टाकीत एकदाच जाळं. शेडमध्ये बोलायचं नाही, चप्पल बाहेर. पुढच्या वेळचे आकडे नितळ आले. ग्रंथीनं खरी उसळी घेतली ती फक्त चौथ्या टाकीत. मी ओरडलेच. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग स्वतःच हसले.

त्याच दिवशी मी बोलून गेले, "काका, शोधनिबंधात तुमचं नाव असणार."

"माजं? इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

त्यांची मुलगी तेव्हा अलिबागला कॉलेजात होती, सायन्सला. ते दर आठवड्याला विचारायचे, "छापलं का गं, बाय? पोरगी इचारते."

निबंध तयार झाला तेव्हा त्यावर सहा नावं होती. पहिलं साहेबांचं, दुसरं माझं. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी आमची शेड कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, काकांचं नाव राहिलं."

"कोण काका?"

मी कोळशाच्या रेघांचं सांगितलं. ते हसले. "टाक्या धुणाऱ्याचं नाव घालायचं, मग वॉचमनचंही घालू. आभारात कर्मचारी म्हटलंय ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझं नाव मी दुसरं ठेवलंय. कायमच्या जागेसाठी उपयोगी पडेल. लक्षात आलंय ना?"

आलं होतं. मी म्हटलं, "हो सर. थँक यू."

हे मी काकांना सांगितलं नाही. निबंध छापून आला तेही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं की "अजून वेळ आहे" म्हणायची. असं महिनाभर चाललं.

मग एका सोमवारी ते आले, टाक्यांची तोंडं उघडली, पाणी बदललं, आणि जाताना म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या टाकीची मोटर आवाज करते. बघून घ्या."

मॅडम. घ्या. चार वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या एका शब्दावरून मला कळलं, की त्यांना कळलंय.

करार संपला तेव्हा ते नव्या कागदावर सही करायला आलेच नाहीत. मला कायमची जागा मिळाली. साहेब परिषदांमध्ये 'ताणविरहित हाताळणी' या विषयावर भाषणं देऊ लागले. पडद्यावर ओल्या गोणपाटाचा फोटो असायचा. तो मीच काढलेला. त्यात कडेला काकांचा खांदा येत होता, तो साहेबांनी कापून टाकायला लावला, आणि कापला मी.

नवीन माणसं आली. नियम तेच होते, भिंतीवर लॅमिनेट करून लावलेले. आकडे पुन्हा गढूळ झाले. शेवटी साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला घेऊन ये."

मी गेले. हे नीट लक्षात घ्या, मी माफी मागायला गेले नव्हते. मला पाठवलं होतं म्हणून गेले.

ते बंदराजवळ बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखाली बसून जाळं दुरुस्त करत होते. मला बघून उठले. घरातून चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

"साहेबांनी धाडलं?"

"हो."

"मला जमायचं न्हाय."

मग कुठे माझ्या तोंडून निघालं. चुकले म्हटलं. मासिकाला पत्र लिहिते, नाव घालायला लावते, म्हटलं.

त्यांनी सुतळी दातानं तोडली. "पोरीनं कालेजात सांगितलं व्हतं, माज्या बाबाचं नाव हाय म्हणून. तितल्या सरांनी मोबाईलवर काढून सगळ्यांसमोर वाचलं. सहा नावं. त्ये काय बोलले न्हाईत, भला माणूस. पुन्यांदा वाचलं फकस्त." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "घरी आली आन् मला इचारलं, बाबा, तुमी तितं नक्की काय करता?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"टाक्या धुतो म्हनालो."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही, रागही केला नाही. चहा निवतोय, एवढंच म्हणाले. मी पुन्हा पत्राचं काढलं तेव्हा मान हलवली. "आता माजं नाव कुटंच घालू नका. लगीन झालं तिचं. कुनाला दाखवू?"

म्हणून इथेही ते मी घातलेलं नाही. पण माझं सगळं खरं सांगायचं तर, त्यांनी नको म्हटलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. साहेबांच्या मर्जीविरुद्ध पत्र लिहावं लागणार नव्हतं.

ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षावाला ओळखीचा होता. त्याला म्हणाले, "मॅडमना केंद्रापातूर नीट ने. हापिसातल्या मोठ्या बाई हायत."

आणि मागे न बघता ते बंदराच्या दिशेनं चालू लागले.