आडसाली पोरगी

सराव सुरू झाला, की आमचे हॉकीचे सर मैदानाकडे पाठ करून उभे राहत. नवख्याला वाटे, माणूस रुसलाय. सर म्हणत, "बघायचं काय मॅडम? ऐका. पोरगी कशी मारती ते आवाजात कळतं."

सर पारगावचे, ऊसवाले. एके काळी जिल्ह्याकडून खेळलेले. उसाला पाणी देऊन, चिखलाच्या पायांनीच मोटारसायकलवरून घोडेगावला आमच्या कॉलेजात यायचे. मी गणित शिकवते आणि मुलींच्या संघाची व्यवस्थापक. मला धीर म्हणून नाही, हे अख्ख्या घोडेगावला ठाऊक आहे.

आमचं भांडण एकाच पोरीवरून. शिनोलीच्या वरच्या डोंगरातली, भातवाल्या घरातली. दोन वर्षं संघात, गोल शून्य! मधल्या काळात अशी ताडमाड वाढली, की स्वतःचेच पाय तिला आवरेनात. चेंडू तिच्या पायाला, स्टिक दुसरीच्या नडगीला. मी म्हणाले, "सर, पुरे झालं. हिला काढा."

"मॅडम, ही आडसाली उसासारखी हाय. बाराव्या महिन्यातच कोयता घालताय व्हय? दीड वर्ष उभी राहू द्या, मग वजन बघा."

"अहो, सामने पुढच्या आठवड्यात आहेत!"

"लई घाई बाई तुमाला." मग हळूच म्हणाले, "तिच्या घरी स्थळ आलंय. यंदा मैदानात उतरली न्हाई, तर कॉलेज बंद. माझ्यापाशी रडली पोरगी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खोटं कशाला बोलू? नाव मी ठेवलं, पण राखीवात. सगळे सामने ती बाकावर बसून होती.

अंतिम सामना जुन्नरला. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं शिल्लक, आणि आमची हुकमी मारणारी लंगडत बाहेर! सरांनी मला विचारलंसुद्धा नाही. "जा गं," म्हणाले. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. सर पाठ फिरवून उभे, मी डोळे फाडून बघतेय. ठाण! चेंडू थेट गोलातल्या फळीवर! अहो, मी पदर खोचून मैदानात धावले. पंचांनी हाकललं, तर दुसऱ्या बाजूने पुन्हा शिरले. सर नुसते ओरडत होते, "ऐकलं का? ऐकलं का मॅडम?"

सामना बघायला पुण्याचे निवड करणारे पाहुणे आले होते. त्यांनी तिला तिथल्या क्रीडा वसतिगृहासाठी घेतलं. शिकणं, राहणं सगळं तिथेच. तिचे वडील सरांचा हात सोडेनात. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या हंगामाची यादी काढून बसलो. सरांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि तिच्या नावावर काट मारली.

"घ्या मॅडम, तुमच्या मनासारखं झालं. काढली एकदाची!"

हसत होते आणि डोळ्यांना धार लागली होती. मीही रडले, लपवलं नाही.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती यादी माझ्या कपाटात आहे. पेन त्यांनी इतक्या जोरात ओढला होता, की तिच्या नावाच्या जागी कागद फाटलाय.