अंडेबाई आणि मधला थर

अंडेबाई हे नाव पोरांनी ठेवलं होतं, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. नावाचा त्यांना राग नव्हता. राग यायचा तो पेपर तपासताना. "गर्भाच्या बाहेरच्या थरापासून कातडी आणि मेंदू, आतल्या थरापासून आतडी आणि फुप्फुसं, मधल्या थरापासून उरलेलं सगळं." उरलेलं सगळं! हे वाचलं की बाईंची लाल पेन्सिल कागदातून आरपार जायची.

"उरलेलं म्हणजे काय रे?" दुसऱ्या दिवशी वर्गात त्या कडाडायच्या. "हाडं उरलेली? रक्त उरलेलं? हृदय काय कोपऱ्यात पडलेलं सापडलं? मधला थर काढून घ्या आणि बघा तुमचं काय राहतं. एक पातळ पिशवी आणि आत एक नळी! मेंदू मेंदू करता ना? बाहेरच्या थराला मेंदू व्हायची अक्कलसुद्धा खालून हा मधलाच देतो."

आता, गर्भाच्या एका थरासाठी कुणी इतकं भांडतं का? पण बाई तीन बहिणींतल्या मधल्या. घरी कुणी पाहुणा आला की आई कौतुकाने सांगायची, "थोरली डॉक्टर आहे, मोठ्या हॉस्पिटलात. धाकटी परदेशात. आणि ही मधली. ही घरीच असते." घरीच! बाई उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या. सकाळी आईच्या गोळ्या देऊन, रस्ता ओलांडून प्रयोगशाळेत जायच्या, मधल्या सुट्टीत येऊन आईला जेवायला वाढायच्या आणि परत पळायच्या. त्यालाच आई घरी असणं म्हणायची, आणि बाई दात-ओठ खाऊन पाहुण्यांना पाणी आणून द्यायच्या.

प्रयोगशाळेत मात्र त्यांचं राज्य होतं. दरवर्षी तिथे उबवणीच्या पेटीत अंडी आडवी ठेवली जायची. वरच्या बाजूला पेन्सिलीची फुली, कारण बलकावरचा गर्भ तरंगत नेहमी वर येतो. तिसऱ्या दिवशी बाई बारीक कात्रीने फुलीभोवतीचं कवच कापून छोटी खिडकी करायच्या. आत, पिवळ्या बलकावर, रक्तवाहिन्यांची लाल जाळी आणि मधोमध धडधडणारा ठिपका. "हे बघा उरलेलं," एवढंच त्या म्हणायच्या. एकदा ते पाहिलेल्या पोराने पेपरात तो शब्द पुन्हा कधी लिहिला नाही.

पण गेली दोन वर्षं खिडकी उघडली की आत नुसता बलक. जाळी नाही, ठिपका नाही, काही नाही. बाईंनी पेटीचा तापमापक बदलला, पाण्याचं भांडं बदललं, शेवटी स्वतःच्या हाताला दोष दिला. नवीन आलेल्या प्राचार्यांना तर आयतं कोलीत मिळालं.

"बाई, कशाला हा खटाटोप?" ते म्हणाले. "व्हिडिओ आहेत, सुंदर आहेत. ती खोली आपण पाहुण्यांच्या बैठकीसाठी घेऊ."

"एकदा," बाई म्हणाल्या. "यंदा एकदा. धडधड दिसली तर खोली माझी."

"आणि नाही दिसली तर?"

"तर सोफे माझ्या हाताने लावून देईन."

प्राचार्य हसून "ठरलं" म्हणाले. दोन वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूने होता.

त्या दुपारी बाई चिडून घरी आल्या. आईसाठी ऑम्लेट करायला अंडं फोडलं आणि हात तसाच थांबला. बलकावर पांढरा, बारीक, भरीव ठिपका. फलित अंड्यावर असते तशी गोल कडी नाही. ताटलीत होतं ते दुकानातलं अंडं. कोंबड्याचं तोंडही न बघितलेल्या कोंबडीचं! बाईंनी तशीच चप्पल पायात सरकवली आणि ऑफिस गाठलं.

"कॉलेजची अंडी कुठून येतात?"

"सगळं सामान एकाच ठेकेदाराकडून येतं ना आता," कारकून म्हणाला. "कँटीनची अंडी येतात त्यातलीच तुम्हाला देतो. ताजी असतात हो!"

बाईंनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं त्या ऑम्लेटची अंडी उबवत बसल्या होत्या. आधी प्रयोगाची अंडी एका ओळखीच्या कोंबडीवाल्याकडून यायची, म्हणून तपासून बघायची गरज कधी पडलीच नव्हती. शिव्या कारकुनाला द्याव्यात की स्वतःला, हे त्यांना कळेना. शेवटी थोड्या थोड्या दोघांनाही देऊन त्या कोंबडीवाल्याकडे गेल्या, आणि त्याच्या अंगणात कोंबडा स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच अंडी घेऊन आल्या. त्याच दिवशी ती पेटीत गेली.

प्रॅक्टिकलच्या सकाळी बाई कॉलेजात पोचल्या तर प्रयोगशाळेला कुलूप. बाहेर पॅसेजमध्ये स्टुलांच्या ढिगाशेजारी उबवणीची पेटी, वायर गुंडाळून नीट बांधलेली. सोफे एक दिवस आधी येणार होते म्हणे, म्हणून प्राचार्यांनी शिपायाला खोली रिकामी करायला सांगितलं होतं. बाईंनी पेटीत हात घातला. अंडी कोमट होती. कोमट म्हणजे अजून गार नव्हती, एवढंच.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. "बघते," त्या मोठ्याने म्हणाल्या. पेटी उचलली, छातीशी धरली आणि मागे जमलेल्या वर्गाला म्हणाल्या, "चला. प्रॅक्टिकल माझ्या घरी."

घरात चालणारा प्लग एकच, आईच्या खोलीत. "हे काय आणलंस गं?" आई करवादली.

"मधला थर," बाई म्हणाल्या आणि आईचा रेडिओ काढून पेटी लावली.

पेटी तापल्यावर त्यांनी पहिलं अंडं घेतलं. कात्री चालली, खिडकी उघडली. जाळी होती! लाल, रेखीव, हवी तशी. पण मधला ठिपका निश्चल. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "गेलं वाटतं."

"गप्प बसा!" बाईंचा आवाज चिरकला. "गारठलंय ते. गारठल्यावर थांबतं. अजून मेलेलं नाही." त्यांनी खिडकीवर चिकटपट्टी लावली, अंडं पुन्हा पेटीत ठेवलं आणि पेटीसमोर जमिनीवरच बसल्या. पोरंही बसली. आई कॉटवरून मान लांब करून बघत होती. तेवढ्यात फोन वाजला. थोरलीचा होता. आईने उचलला आणि म्हणाली, "आत्ता नको. मधली शिकवतेय." आणि ठेवून दिला. बाईंनी चमकून आईकडे पाहिलं, पण आईचं लक्ष पेटीकडे होतं.

बऱ्याच वेळाने बाईंनी अंडं काढलं, पट्टी सोडवली. ठिपका एकदा आक्रसला. थांबला. पुन्हा आक्रसला. आणि मग लागला की हो धडधडायला! पोरांनी असा गलका केला की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

तिकडे कॉलेजात वर्ग ओस पडलेला पाहून प्राचार्य तणतणत घरी आले. दारात आई काठी घेऊन खुर्चीवर बसली होती. अंडं बघायला लागलेल्या रांगेचा ताबा तिने स्वतःहून घेतला होता.

"मी प्राचार्य आहे," ते म्हणाले.

"असाल. रांगेत या. आणि ढकलाढकली नको."

आणि उभे राहिले बिचारे! पुढची पोरं खाली मान घालून हसू दाबत होती. त्यांची पाळी आल्यावर ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"छान आहे," शेवटी ते म्हणाले. "पण बाई, खरं सांगा, हे व्हिडिओतही दिसलं असतं."

"दिसलं असतं," बाई म्हणाल्या. खिडकीवर पट्टी लावून त्यांनी ते अंडं अलगद उचललं आणि प्राचार्यांच्या तळहातावर ठेवलं. "धरा. वाकडं करू नका. गार होऊ देऊ नका."

प्राचार्यांनी घाईघाईने दुसरा हात वरून झाकला. अंडं उबदार होतं, आणि आत काय चाललंय ते त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, कॉटकडे पाहिलं. पेटीचं झाकण बाईंनी बंद करून त्यावर कोपर टेकलं होतं.

"बाई, हे... ठेवू कुठे?"

"जिथून बाहेर काढलंत तिथे."

प्राचार्यांचे दोन्ही हात अडकलेले.

"किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "उजव्या. तुम्हीच काढा."

बाईंनी किल्ली काढली, प्लग काढला, पेटी उचलली. पुढे पेटी घेऊन बाई, मागे ओंजळीत अंडं धरून जपून पावलं टाकणारे प्राचार्य, त्यांच्यामागे सगळा वर्ग. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. शेजारणीकडे आलेली एक पाहुणी बाहेर आली आणि दारातल्या आईला विचारू लागली, "कोण हो या, पुढे चालल्यात त्या?"

"ती होय?" आई काठी टेकून उभी राहिली. "माझी मधली. कॉलेजात असते."