गुंड्याची खूण

माझ्या मामांचा या जगात कोणावरही विश्वास नाही. सख्खा भाचा म्हणून माझा अपवाद केला असेल, अशी समजूत कृपया करून घेऊ नका. दूधवाल्यादेखत ते दुधात बोट बुडवून बघतात, हवामान खात्याने पाऊस सांगितला की मुद्दाम कपडे बाहेर वाळत घालतात, आणि मी चहा नेऊन दिला की पहिला घोट मलाच प्यायला लावतात. वर म्हणतात, "तुज्यावर संशय न्हाई रं, साखरेवर हाय." मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांच्या मुलखातले. आता विश्रामबागेत आमच्या शेजारी एकटेच राहतात. एकटे म्हणजे गुंड्यासह. हा झिपरा, पांढरा कुत्रा मामींनी लाडाने वाढवलेला. गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या, आणि तेव्हापासून मामा त्याला नजरेआड होऊ देत नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात गुंड्या दिवसभर मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून धापा टाकायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस बारीक करून घ्या. मी कुत्र्यांच्या पार्लरचं नाव काढताच मामांचे डोळे बारीक झाले. "कातरल्यावर समदी मेंढरं सारकीच दिसत्यात. बदलून दिलं तर कुणाला कळणार हाय?" गावाकडे मेंढराच्या कानाला चीर देऊन खूण करतात. गुंड्याच्या कानाला हात लावायचा मामांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी पाठीवर गेरूचा ठसठशीत टिळा लावला. केसांवर खूण करून केसच कापायला द्यायचे, यातला घोळ माझ्याही लक्षात आला नाही. पार्लरच्या पुढच्या दाराशी मामा बसले आणि मागच्या दारावर मला उभं केलं. गुंड्या बाहेर आला तो निम्माच होऊन, गुलाबी कातडीचा, कावराबावरा. मामांनी पट्टा हातात घेतला नाही. "ह्यो आमचा न्हवं. टिळा कुटं हाय?"

"आजोबा, तो केसांबरोबर गेला," पार्लरमधली मुलगी म्हणाली.

"आसं कसं जाईल? पक्का गेरू हुता."

गुंड्याने शेपटी हलवली, तर म्हणाले, शेपटी काय कुणाम्होरं बी हलवत आसंल. मला हसू आवरेना. शेवटी पट्टा धरून मीच गुंड्याला घरी आणलं. पण घरी आल्यावर बघतो, तर मामा मामींच्या फोटोपुढे जाऊन बसलेले. "जाताना तिनं ह्येला माज्या हवाली केलं हुतं रं. आन मी त्यो बी घालवला." तेव्हा माझंही हसू गेलं.

मग उठून त्यांनी सकाळच्या भाकरीचा तुकडा गुंड्यापुढे टाकला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. गुंड्या दिवसभराचा उपाशी. तरी त्याने तोंड लावलं नाही, नुसता मामांच्या तोंडाकडे बघत बसला. मामी त्याला तव्यावरची भाकरी फुंकर मारून गार करून द्यायच्या, आणि फुंकर मारल्याशिवाय खायचं नसतं अशी त्याची समजूत झालेली. मामा गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि त्या गार भाकरीवर त्यांनी हळूच फुंकर मारली. गुंड्या खायला लागला.

"ह्योच हाय," मामा म्हणाले. "ही खोड तिनंच लावल्याली." मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, आणि तोही फुंकर मारूनच दिला.